बरकतीची माती

माझा राग नाकावर असतो असं आमच्या लॅबमधले सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्या मशीनवर मी जेवढी चिडले तेवढी आमच्या ह्यांच्यावरही कधी चिडले नसेन. आमचे हे, म्हणजे रसूल, भिगवणला मासळीचा धंदा करतात. चिडायला मला घरात रोज सकाळी कारण तयार असतं.

बारामतीत विजयसिंह साहेबांची माती-पाणी तपासायची लॅब आहे. मी तिथं सव्वीस वर्षं कामाला आहे. आले ती बाटल्या धुवायला. मग बघून बघून शिकत गेले आणि एक दिवस ब्युरेट माझ्या हातात आली. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली उभी काचेची नळी. मातीत सेंद्रिय कर्ब किती, म्हणजे जमिनीत जीव किती, हे काढायचं तर माती आम्लात घालून ठेवतात आणि मग या नळीतून तिच्यात एकेक थेंब सोडतात. जांभळा रंग एका थेंबासरशी हिरवा होतो. त्या थेंबाला तोटी बंद झाली पाहिजे. पुढचे थेंब पडले की कर्ब आहे त्याहून कमी दिसणार आणि शेतकरी नको तेवढा खर्च करून बसणार. मी अर्धा थेंबसुद्धा तोडायचे. नळीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या काठाला टेकवून घ्यायचा आणि पाण्याने आत धुवायचा. कॉलेजातून आलेली पोरं शेजारी उभी राहून बघत बसायची, आणि मी आपलं काहीच विशेष नाही असं तोंड करून पुढचा फ्लास्क उचलायचे.

गेल्याच्या मागच्या दिवाळीनंतर माझा उजवा हात कापायला लागला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, पण हे पूर्ण जाणारही नाही. गोळीने थोडं कमी राहील, बाकी वयाबरोबर वाढत जाईल. घाबरण्यासारखं नाही म्हणे! जिचं सगळं काम एका थेंबावर आहे तिला विचारा. मी कुणाला सांगितलं नाही. घरी चहा अर्धा कपच घ्यायला लागले. लॅबमध्ये हात ॲप्रनच्या खिशात राहायला लागला. थेंब जास्त पडला की तो फ्लास्क ओतून द्यायचा आणि तीच माती पुन्हा घ्यायची, असं दोनदा, तीनदा. पूर्वी दिवसाला चाळीस नमुने व्हायचे, ते पंधरावर आले. साहेबांना वाटलं, मावशी थकल्या. हात त्यांना दिसला की माझी लॅब संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं. सव्वीस वर्षांत मी दुसरं काही शिकले नव्हते, आणि खरं सांगते, दुसरं काही करावंसं मला कधी वाटलंही नाही. त्या लॅबवर माझा जीव आहे.

हात किती बिघडलाय हे मला एका मातीवरून कळायचं. आमच्या घरी धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, बरकत म्हणतात. बरकत, दोन, तीन. शेजारची हिंदू मंडळी तिथं लाभ म्हणतात. मी लॅबमध्ये तीच रीत लावली होती. सकाळचा पहिला फ्लास्क कुठल्याही शेतकऱ्याचा नाही, बरकतीचा. कळस गावी माझ्या माहेरच्या रानातली माती मी एकदा डबाभर आणून, वाळवून, चाळून ठेवली होती. तिच्या कर्बाचा आकडा ०.६२ टक्के. वर्षानुवर्षं ०.६२. तो आला की बाकीच्या कामाला हात घालायचा. नाही आला तर द्रावणात गडबड आहे असं समजायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. रजिस्टरात बरकत नसायची. रोजचा आकडा फक्त माझ्या खिशातल्या छोट्या डायरीत लिहायचे. आणि बरकत एकदाच करायची, पुन्हा नाही; येईल तो आकडा खरा. दिवाळीनंतर तो ०.६० झाला. संक्रांतीला ०.५७. उन्हाळ्यात ०.५३. द्रावण दरवेळी नवं करून बघितलं. माती तर तीच होती.

जूनमध्ये मशीन आलं, आणि मशीनबरोबर संस्कृती आली.

संस्कृती इंदापूरची, चोवीस वर्षांची, एमएस्सी झालेली. तीन महिने काम बघू आणि मग कायम करू, असं साहेबांनी तिला सांगितलेलं. मशीन म्हणाल तर टेबलावर मावेल एवढंच. एक गोल ट्रे, त्यात वीस खाने. खान्यांत बीकर ठेवायचे, संगणकावर नावांची यादी टाकायची, बटण दाबायचं. वरून एक दांडी खाली येते, बीकरात बुडते, थेंब सोडते, थांबते, धुऊन निघते आणि पुढच्या बीकरवर जाते. गंमत म्हणजे तिला रंग दिसतच नाही. द्रावणातल्या विजेच्या फरकावरून ती कुठं थांबायचं ते ठरवते.

"रंग बघितल्याबिगर थांबणार?" मी म्हणाले. "मग त्ये टायट्रेशन कसलं, त्यो तर अंदाज झाला."

संस्कृती नुसती हसली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातली आम्लाची बाटली काढून घेतली. "मावशी, आम्ल मी घालत जाते. तुम्ही बसा."

"बसायचा पगार न्हाय घेत मी," मी म्हणाले. पण बाटली तिने सोडली नाही. मला वाटलं, आज बाटली घेतली, उद्या स्टूल घेईल.

आठ-दहा दिवस मी त्या मशीनकडे पाठ करून ब्युरेटवर काम केलं. पोरगी मशीनशी मोठ्याने बोलत काम करायची. "आधी नळीत बुडबुडा आहे का बघायचा. असला तर हे डावीकडचं बटण दोनदा दाबायचं. काम संपलं की दांडीचं टोक कोरडं ठेवायचं नाही, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, नाहीतर उद्या रुसेल." मला वाटायचं, काय बडबडी पोर आहे. पण कान माझेच, ऐकणार नाहीत तर काय करतील? आठवड्यात अर्धं मशीन मला पाठ झालं. ती कुणासाठी बोलत होती हे मला तेव्हा कळलं नाही. रागावलेल्या माणसाला साधं दिसत नाही हेच खरं.

एके दुपारी मशीन वेडेवाकडे आकडे द्यायला लागलं. संस्कृती मशीनबरोबर आलेलं दीडशे पानांचं इंग्रजी पुस्तक उघडून बसली. घामाघूम झाली बिचारी. मला राहवलं नाही.

"किती वाजलं?" मी लांबूनच विचारलं.

"सव्वाबारा."

"मग पुस्तक मिट. बाराला शेजारच्या शेडमधल्या मोठ्या मोटारी चालू व्हत्यात, व्होल्टेज पडतं. आपलं पाणी तपासायचं जुनं मशीनबी ह्या टायमाला असंच करायचं. त्याला बॅटरीवर घे आन मग बघ."

तिने घेतलं. आकडे ताळ्यावर आले. तिने वही काढली आणि सव्वाबारा, मोटारी, बॅटरी असं सगळं लिहून घेतलं. "हे पुस्तकात नाही, मावशी," ती म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की मी दिवसभर कुणावर ओरडले नाही.

त्यानंतर आमचं जमलं. ती मला पडद्यावरचे इंग्रजी शब्द सांगायची, मी त्यांच्याशेजारी मराठीत चिठ्ठ्या चिकटवायचे. मातीची ओली ढेकळं कशी ओळखायची, शेतकरी खताच्या रिकाम्या पिशवीतून माती आणतो तेव्हा आकडा कसा फसवतो, हे मी तिला शिकवलं. हात मात्र खिशातच. आणि रोज सकाळी ती यायच्या आत मी बरकत उरकून घ्यायचे.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी माझी बस उशिरा आली. पोचले तर संस्कृती संगणकावर बसलेली. म्हणाली, "मावशी, आज पूर्ण ट्रे तुम्ही लावा. एकोणीस नमुने आहेत. मी यादी टाकते."

पहिल्यांदाच ट्रे लावायचा म्हणून मी इतकी हरखले की विचारूच नका. बीकर एकेक करून, दोन्ही हातांनी धरून, खान्यांत ठेवले. आणि इतक्या वर्षांची सवय, पहिल्या खान्यात गेली बरकत. मग शेळगावचे सर्जेराव, मग पुढचे. वीस खाने भरले. तिकडे संस्कृतीने एकोणीस नावं टाकली, पहिल्या खान्यापासून. मी बोलले नाही, तिने विचारलं नाही. बटण दाबलं.

संध्याकाळी साडेचारला मी बीकर धुवायला घेतले. एकोणीस बीकरांतलं काम झालेलं होतं. विसाव्याला दांडी लागलीच नव्हती, त्याचा मूळचा रंग तसाच. मी पडद्यापाशी गेले. पहिली ओळ होती, सर्जेराव, शेळगाव. त्यांच्या नावासमोर ०.६२.

खरं सांगते, चूक झाली हे मला आधी सुचलंच नाही. तो आकडा मी नऊ महिन्यांत बघितला नव्हता. रोज सकाळी मी त्याची वाट बघायचे आणि तो यायचा नाही. आणि आज माझ्याच हातांनी लावलेल्या ट्रेमधून तो जसाच्या तसा आला होता. माझ्या कळसच्या मातीला काही झालं नव्हतं. मी ॲप्रनने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, तरी डोळे थांबेनात.

मग चूक ध्यानात आली. सगळी नावं एकेक घराने सरकली होती, आणि रिपोर्ट आपोआप शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जाऊन तासभर झाला होता.

तेवढ्यात विजयसिंह साहेब फोन हातात घेऊन बाहेर आले. "सर्जेरावांचा फोन होता. आनंदाने बोलत होते, जमीन सुधारली म्हणून. या वर्षी शेणखत घालत नाही म्हणाले. अहो, त्यांची जमीन चोपण, खारावलेली, वर पांढरा थर. तिला ०.६२ कसं येईल? संस्कृती, यादी कुणी टाकली?"

संस्कृतीने पडद्याकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या विसाव्या बीकरकडे, मग माझ्याकडे. क्षणभरच. "मी टाकली, सर," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं असेल."

साहेबांचा चेहरा उतरला. "तीन महिने व्हायला आठ दिवस राहिलेत, संस्कृती. मी तुझं पत्र तयार करत होतो."

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. हे मी लपवणार नाही, दोन श्वास मी गप्प होतेही. मग माझाच मला असा राग आला की तसा मशीनचाही आला नव्हता.

"पोरीचं न्हाय चुकलं," मी म्हणाले. "पयल्या खान्यात मी माझी माती ठिवली. बरकतीची. सांगायचं राहिलं."

"कसली बरकत?"

बोलून सांगता येईना, म्हणून मी डायरी काढून दिली. साहेब पानं उलटत गेले. ०.६२, ०.६२, वर्षं लोटली तरी ०.६२. मग ०.६०. मग ०.५७. त्यांचं बोट खाली खाली येत गेलं. "रोज एकच माती?" त्यांनी विचारलं. "मग ती बदलली का?"

"माती न्हाय बदलली, साहेब. हात बदलला." आणि मी हात खिशातून काढून त्यांच्यासमोर धरला. नेमका त्या वेळी तो एवढा कापत होता की मला स्वतःला बघवेना. "दिवाळीपास्नं असा हाय. डॉक्टर म्हणत्यात, ऱ्हाणार."

साहेबांनी डायरी टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारायला पाहिजे तेच विचारलं. "मावशी, या नऊ महिन्यांतले शेतकऱ्यांचे रिपोर्ट?"

"एकेक तीन-तीनदा केलाय. थेंब चुकला की वतून दिला. अल्लाची शपथ, खोटा आकडा जाणूनबुजून लिवला न्हाय. पण खात्री द्या म्हणाल, तर कशाच्या जोरावर देऊ?"

"मी देते," संस्कृती म्हणाली.

तिने तिची वही उघडून साहेबांसमोर ठेवली. मशीन आलं तेव्हा ते बरोबर चालतंय की नाही हे कशावरून ठरवायचं, तर तिने साठवणीच्या खोलीतल्या जुन्या मातीच्या पिशव्या काढल्या होत्या. दिवाळीनंतरच्या, माझ्या हाताने तपासलेल्या तीस. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन-तीन करून तिने त्या मशीनवर लावल्या होत्या. एका बाजूला मशीनचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझे. अठ्ठावीस जुळत होते.

"मशीनला मावशींनी पास केलंय, सर," ती म्हणाली. "आणि ती बरकतीची माती रोज पहिल्या खान्यात राहायला पाहिजे. यादीत तिचं नाव लिहून. मशीन बिघडलं तर आपल्याला पहिल्या बीकरलाच कळेल."

साहेबांनी वही मिटली. "ते दोन कोण आहेत?"

"त्यांची माती पुन्हा तपासते. त्यांना फोन मी करणार," मी म्हणाले. "आन आजच्या एकोणीस जणांनाबी मीच करणार."

"करा. आणि मावशी," ते जाता जाता थांबले, "उद्यापासून ब्युरेट बंद. ट्रे तुमचा. संस्कृती, तुझं पत्र सोमवारी घे."

विसावा बीकर मशीनवर लावला, बाकीचे आकडे ज्याच्या त्याच्या नावासमोर सरकवले आणि फोन करायला बसले. सर्जेरावतात्यांना म्हणाले, "तात्या, चुकलं माझं. त्यो आकडा तुमच्या जमिनीचा न्हाय. तुमचा ०.२१ हाय. शेणखत घालायचं थांबवू नका."

"मग ०.६२ कुणाचा म्हणायचा?"

"माझ्या म्हायेरचा."

"आसं व्हय," तात्या म्हणाले. "मग मला जमीन बदलून द्या की, बाई." आणि हसले. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

सगळे फोन होईपर्यंत संस्कृती शेजारी बसून होती. मी तिला विचारलं, "माझा हात तुला कधी दिसला?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही चहा दिलात तेव्हा."

"म्हणून आम्लाची बाटली घेतलीस?"

"सांडलं असतं तर?" मग थोडं थांबून म्हणाली, "माझे वडील इंदापूरला शिवणकाम करतात. त्यांचा हात असाच आहे. ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही. मी घरातून निघायच्या आधी पंधरा सुयांत दोरे ओवून ठेवते. ते बघतात आणि काहीच बोलत नाहीत." तिने वही बाजूला ठेवली. "तुम्ही आज सांगितलंत, मावशी. त्यांनी पण कधीतरी सांगावं असं मला फार वाटतं."

मी तिला रागवायला तोंड उघडलं होतं, सगळं आपल्या अंगावर घेतलं म्हणून. त्याऐवजी तिला जवळ घेतलं. पोरीच्या केसांना आम्लाचा वास येत होता.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर इंदापुरात तसंच एक मशीन आलं. तालुक्यातल्या छोट्या लॅबमधल्या माणसांना ते शिकवायचं ठरलं. माती तपासणारे, पाणी तपासणारे, दुधाच्या डेअरीतले, सगळे मिळून बारा जण. बोलायचं संस्कृतीने, असं ठरलेलं. आयत्या वेळी तिने मला पुढे ढकललं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली. अशी बेरकी पोर.

बाराच्या बारा माझ्याकडे बघायला लागले. मी हात खिशातून काढला.

"माझा हात कापतो," मी म्हणाले. "हे आधीच सांगते, न्हायतर तुमचं समदं ध्यान तिकडंच ऱ्हाईल." दोघं-तिघं हसले. "ह्या हातानं थेंब धरता येत न्हाय. पण थेंब कुठं थांबला पायजे हे ह्या डोक्यात हाय, आन ते कुठल्या मशीनसंगं येत न्हाय. आता बघा. बीकर असा दोन्ही हातांनी धरायचा."

दोन तास गेले. बुडबुडा, दांडीचं टोक, दुपारचं व्होल्टेज, यादीचा पहिला खाना. माझी चूकही सांगितली, सर्जेरावतात्यांसकट. सगळे लिहून घेत होते. एकटे मोहनराव लिहीत नव्हते. डेअरीत दूध तपासतात, साठीला टेकलेले. उजवा हात मांडीखाली घेऊन सरळ बसले होते. संस्कृतीने त्यांना वही-पेन दिलं, तर म्हणाले, ध्यानात ऱ्हातं माझ्या.

चहाला सगळे बाहेर ओट्यावर गेले. मोहनराव उठून मशीनपाशी आले. "बाई," ते हळूच म्हणाले, "एकदा मी लावून बघू का ट्रे?"

"बघा की."

त्यांनी हात पुढे केला आणि बीकर उचलला. काच ट्रेच्या कडेवर टकटक वाजायला लागली. त्यांनी चटकन दाराकडे बघितलं. बाहेर हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. कुणीही कधीही आत आलं असतं.

"घरी बोललो न्हाय अजून," ते म्हणाले. "डेअरीतबी न्हाय."

"मीबी न्हवते बोलले." मी ट्रेची दुसरी कड धरली. माझ्या हाताने तीही हलायला लागली. "दार लोटून घेऊ का, मोहनराव?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. बीकर दोन्ही हातांनी धरून पहिल्या खान्यात बसवला.

"ऱ्हाऊ द्या उघडंच," ते म्हणाले.